गुनिल्डाची बोंब

गुनिल्डाला देवाने रूप बेताचं दिलं, उंचीही बेताचीच दिली आणि सगळी कसर गळ्यात भरून काढली. रशबी गावच्या बांधावर उभं राहून तिने हाक घातली की खाजणाच्या पार टोकाला शिंपल्या वेचणारी माणसं माना वर करायची. म्हातारा सेवाल दोन्ही कानांनी ठार बहिरा होता, तोसुद्धा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायचा, "गुनिल्डा वाटतं? काय झालं गं?"

या गळ्याची गावाला गरज होती. आमच्याकडे भरती समोरून येत नाही. ती मागून, ओहोळा-ओहोळांतून गुपचूप शिरते, आणि चिखलात वाकलेल्या माणसाला कळेपर्यंत परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. म्हणून पाणी फिरलं की गुनिल्डा बांधावर चढून दोन लांब हाका द्यायची. तेवढ्यावर सगळं गाव घरी यायचं. गावचा म्होरक्या गॅमेल, त्याचे भाऊ, त्याची सासू, सगळे त्या आवाजाला धरून कितीदा तरी जिवंत परत आले होते. बदकांसाठी तिची वेगळी हाक होती. नवऱ्याला, एड्रिकला, जेवायला बोलावण्याची हाक आखूड आणि रागीट होती, आणि ती ऐकली की शेतातले लोक म्हणायचे, "जा बाबा एड्रिक, सूप निवलं वाटतं."

याखेरीज एक बोंब होती ती कायद्याची. राजा एडवर्डच्या राज्यात कोणी कोणाला मारताना, लुटताना दिसलं तर बघणाऱ्याने बोंब मारलीच पाहिजे, आणि ती ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं काम टाकून, असेल ते हत्यार घेऊन धावलंच पाहिजे. ऐकून न येणारा गुन्हेगार. खोटी बोंब मारणाराही गुन्हेगार. गुनिल्डाने ही बोंब एकदाच मारली होती.

एड्रिक तट्ट्या विणायचा. वाळुंजाच्या झाडाच्या लवचिक फांद्या कापून, त्यांची जाड तट्टी विणून तो मोठ्या ओहोळाच्या चिखलावर अंथरायचा. त्यांच्यावरून मेंढ्या आणि माणसं पलीकडे जायची. दर वर्षी जुन्या काढायच्या, नव्या घालायच्या. फांद्या जहागीरदाराच्या वाळुंजबनातल्या, पण एड्रिकचा बापही तिथूनच कापायचा आणि कधी कोणी ब्र काढला नव्हता. त्या वर्षी हॅमो नवा कारभारी झाला होता. नव्या कारभाऱ्याला आपला अंमल दाखवायची खाज असते. हॅमोने एड्रिकला बांधावर अडवलं, फांद्यांचा भारा लाथेने उडवला, आणि एड्रिकने वाकून भारा उचलायला घेतला तेव्हा हातातली लोखंडी टोकाची काठी त्याच्या डोक्यात घातली.

गुनिल्डा वीस पावलांवर होती. तिने बोंब ठोकली. बांधापासून जवाचं शेत दोन शेतं ओलांडून आहे आणि तिथे कापणी चालली होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, शेतातली सगळी माणसं ताठ उभी राहिली. एकाने कपाळावर आडवा हात धरून बांधाकडे बघितलं. त्यांना हॅमो दिसला, त्याच्या हातातली काठी दिसली. मग एकेक जण खाली वाकला आणि जव कापायला लागला.

ती ओरडत राहिली आणि ते कापत राहिले. एड्रिक रविवारपर्यंत जगला, पण बोलला नाही.

जहागीरदाराच्या वतीने न्याय करणाऱ्या दिवाणजींची कचेरी बसली तेव्हा गावचे बारा पंच शपथ घेऊन उभे राहिले. बाराही त्या दिवशी जवाच्या शेतात होते. सगळ्यांच्या पुढे गॅमेल.

"एड्रिक बांधावरून घसरला, धनी," गॅमेल म्हणाला. "कोणी मारलं-बिरलं नाही."

"या बाईने बोंब मारली म्हणते. तुम्ही कोणी ऐकली?"

ऐकली म्हटलं तर आला का नाहीत, हा पुढचा प्रश्न होता. गॅमेलने बुटांकडे बघितलं. "बांधावरून जवाच्या शेतापर्यंत आवाज पोचत नाही, धनी. वारा उलटा असतो."

बाराही जणांनी पवित्र पुस्तकावर हात ठेवून हेच सांगितलं. बाराही जण गेल्याच आठवड्यात तिच्या हाकेवर शिंपल्यांच्या टोपल्या घेऊन घरी आले होते. मला अजून राग येतो तो हॅमोपेक्षा या बाराजणांचा. हॅमोने निदान उघड्यावर मारलं.

निकाल लागला की गुनिल्डाने कारभाऱ्यावर खोटी बोंब मारली. तिच्या दोन्ही डुकरिणी जप्त झाल्या, आणि पुन्हा या जहागिरीत तोंडातून बोंब निघाली तर झोपडी आणि परस दोन्ही जाणार असं ठरलं. भरतीची हाकसुद्धा नको, असं हॅमोने मुद्दाम घालून घेतलं. "बाईला सवय लागलीय, धनी. मुळातूनच तोडलेली बरी."

त्या दिवसापासून सात वर्षं तिचा आवाज गावाने ऐकला नाही. बदकांना ती लाकडाचे दोन तुकडे आपटून बोलवायची. भरतीसाठी गावाने एक शिंग आणलं; त्याचा आवाज आजारी गाईसारखा यायचा, आणि लोक आता पाण्यावर डोळा ठेवून, घाबरत घाबरत शिंपल्या वेचायचे. हॅमो रस्त्यात भेटला की हमखास थांबायचा.

"काय गुनिल्डे, घसा बसला का काय? मध चाट की जरा!"

ती खरंच चाटायची. रोज सकाळी बोटभर. तिने हॅमोला शाप दिला नाही, त्याच्या विहिरीत काही टाकलं नाही, पाद्र्याकडे रडगाणं गायलं नाही. तिने गळा तेवढा सांभाळला. एड्रिकच्या तट्ट्या दुसऱ्या वर्षी काळ्या पडल्या, चौथ्या वर्षी कुजल्या. विणायला गुनिल्डालाही येत होतं. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही.

सातव्या वर्षी जहागीरदाराच्या जवाची कापणी उधाणाच्या दिवशीच आली. वेठीचा दिवस, त्यामुळे सगळं गाव शेतात. स्वतः दिवाणजी घोड्यावरून देखरेखीला आलेले. शिंग फुंकणाराही कापणीला लावलेला, कारण खाजणात आज कोणी जाणारच नव्हतं. फक्त ओहोळापलीकडे जहागीरदाराच्या मेंढ्या राहिल्या होत्या, आणि त्या बुडाल्या असत्या तर कारभाऱ्याची धडगत नव्हती. हॅमो एकटाच त्यांना आणायला गेला.

मेंढ्या शहाण्या. त्या वरच्या अंगाने वळसा घालून आल्या. हॅमोला घाई होती, त्याने कुजलेल्या तट्ट्यांवर पाय टाकला.

गुनिल्डा बदकं घेऊन बांधाकडे आली तेव्हा तो मांड्यांपर्यंत चिखलात होता. काठी शेजारी रोवलेली, तिच्यावर भार देऊन वर यायचा प्रयत्न करून करून तो आणखी रुतला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा गेला होता, आणि बांधाच्या आडोशाने त्याचा आवाज तिथल्या तिथेच विरत होता. ओहोळाच्या तोंडाशी पाणी चमकायला लागलं होतं.

"गुनिल्डे! बरी आलीस बाई. ओरड! माणसं बोलव!"

गुनिल्डा बांधावर बसली. लाकडाचे तुकडे तिने मांडीवर ठेवले.

"मला बंदी आहे, कारभारी."

"अगं कसली बंदी! मी सांगतोय ना!"

"तुम्ही कचेरी नाही. माझं घर जाईल."

"नाही जाणार! तुझ्या डुकरिणी परत देतो. दोनाच्या चार देतो!"

"आणि एड्रिक?"

हॅमोने ओहोळाच्या तोंडाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "गुनिल्डा, पाणी येतंय."

"दिसतंय मला. सात वर्षं तेच बघतेय." ती उठली. "थांबा. पंचांना विचारून येते. त्यांनी हो म्हटलं तर ओरडते. नियम तो नियम."

ती चालत गेली, धावली नाही. दोन शेतं ओलांडून जवाच्या शेतात पोचली तेव्हा न्याहारीची सुटी झाली होती. भाकरी, चीज आणि जवाच्या दारूची मडकी फिरत होती. दिवाणजी घोड्यावरच बसून खात होते. गुनिल्डा सरळ गॅमेलपुढे जाऊन उभी राहिली.

"गॅमेलभाऊ, एक विचारायचं होतं. मी बांधावरून बोंब मारली तर चालेल का?"

सात वर्षांनी तिचं तोंड उघडलं होतं. मग कोणीतरी फिसकन हसलं.

"आता काय नवीन काढलंस?" गॅमेल दिवाणजींकडे चोरटी नजर टाकत म्हणाला. "जुनी मढी उकरू नकोस बाई. जा घरी."

"काय म्हणतेय ती?" दिवाणजींनी विचारलं.

"काही नाही, धनी. ते जुनंच. बांधावरून इथवर आवाज पोचत नाही असं आम्ही बाराजणांनी सांगितलं होतं, ते हिच्या अजून पचनी पडलेलं नाही."

"नाहीच पोचत का?" गुनिल्डा म्हणाली. "एखादा बुडत असला तरी?"

"बुडत असला तरी!" गॅमेलच्या तोंडात भाकरी होती. "ऐकूच येत नाही तर बोंबलून उपयोग काय? का रे?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "तिथे बोंबलण्यापेक्षा इथे येऊन सांगितलेलं बरं," आणि सगळे हसले.

एका वाक्याचं काम होतं. हॅमो ओहोळात अडकलाय, एवढंच. वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघितलं, बाराही तोंडं मोजून बघितली, आणि वाक्य गिळलं. ती पाप करत होती हे तिला कळत होतं. पुढे पाद्र्याने तिला वर्षभर शुक्रवारचे उपास सांगितले. ते तिने केले, पण पश्चात्ताप झाला असं ती कधी म्हणाली नाही. मीही तिच्या वतीने म्हणणार नाही.

ती परत आली तेव्हा पाणी हॅमोच्या छातीला लागलं होतं. त्याने मान वळवली.

"येतायत? येतायत ना?"

"विचारलं. म्हणाले, बांधावरून आवाज पोचत नाही. बुडत असला तरी पोचत नाही."

हॅमो रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, लेकरासारखा हुंदके देऊन. "मी मारलं त्याला. ऐकतेस का? मीच मारलं. आता तरी ओरड!"

"मोठ्यानं बोला, कारभारी. ऐकू येत नाही."

"मी मारलं!" त्याचा फाटका आवाज बांधाला आपटून खाली पडला. "एड्रिकला मी मारलं! सगळ्यांनी पाहिलं! सगळे बघत होते!"

"हो," गुनिल्डा म्हणाली. "मीही त्यांनाच बघत होते."

ती बसून राहिली. बदकं पाण्यात उतरली, हॅमोच्या आजूबाजूला खुशाल पोहायला लागली. पाणी त्याच्या खांद्यांवर आलं, मग हनुवटीवर. तो आता बोलत नव्हता, नुसता आभाळाकडे तोंड करून श्वास घेत होता. मग तेही थांबलं. पाण्यावर त्याची लोकरी टोपी तेवढी राहिली, आणि काठीचं वरचं टोक.

तेव्हा गुनिल्डा उभी राहिली. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सात वर्षं जपलेला गळा मोकळा सोडला. पहिल्या हाकेला खाजणातले सगळे पक्षी एकदम उडाले. दुसऱ्या हाकेत शब्द नव्हता, पण ज्यांनी ती ऐकली ते सांगतात की ती हॅमोसाठी नव्हती. ती भरतीचीही नव्हती. ती सात वर्षांपूर्वीचीच होती, जिथे तुटली होती तिथून पुढची.

ते आले. दिवाणजी समोर असताना न येऊन सांगतात कोणाला! विळे, दाताळी, काठ्या घेऊन सगळं शेत बांधाकडे धावत सुटलं, बाया झगे वर खोचून धावल्या, बहिऱ्या सेवालला त्याच्या नातीने ओढत आणलं. दिवाणजींचा घोडा सगळ्यांच्या पुढे होता. काठी बघितली आणि कोणाची ते ओळखून दोघे-तिघे पाण्यात उतरले. त्यांनी कमरेला दोर बांधून हॅमोला वर ओढला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गॅमेल धापा टाकत बांधावर पोचला. त्याच्या मागे त्याचे भाऊ, त्यांच्या मागे बाकीचे पंच, एकूण एक. गुनिल्डाने त्यांना येऊ दिलं, श्वास घेऊ दिला. मग म्हणाली, "आलात? म्हणजे ऐकू येतं तर."

दिवाणजींनी पाण्यातल्या काठीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग बराच वेळ दोन शेतांपलीकडच्या जवाकडे. त्यांना सगळं आठवत होतं, निकाल त्यांनीच दिला होता. त्यांनी घोडा वळवला.

"गॅमेल, बोंब कानावर आली तेव्हा तू कुठे होतास?"

गॅमेलने हातातला विळा मागे लपवायचा प्रयत्न केला. विळ्याला जवाची ताजी कुसळं चिकटलेली होती.

"जवाच्या शेतात, धनी," तो म्हणाला.

"आणि तू?" त्यांनी पुढच्याला विचारलं.