जयासिस्टरांचा हात

जुन्नरच्या एका दवाखान्यात जयासिस्टर अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून बावीस वर्षं स्पिरिट-पावडर चोळत आल्या होत्या. त्यांच्या हाताचं सगळीकडे नाव होतं. मांडीचं हाड मोडलेल्या गेणभाऊंची पाठ लाल झाली, तेव्हा नवी सिस्टर वृषाली डॉक्टरांना म्हणाली, "चोळल्यानं कातडी आणखी दुखावते, असं संशोधनात दिसलंय. दर दोन तासांनी कूस बदलू या." डॉक्टरांनी लगेच होकार दिला. जयासिस्टरांचा जळफळाट झाला.

आठवड्यात पाठीची लाली गेली. गेणभाऊ म्हणाले, "पोरीला लई कळतं."

ते जयासिस्टरांना झोंबलं. त्यांनी वृषालीकडून तो लेख मागून घेतला, दोनदा वाचला आणि गेणभाऊंना स्वतः कुशीवर वळवलं. वृषालीचं बरोबर होतं, हे मात्र त्यांनी कधीच बोलून दाखवलं नाही.