रुंद ब्रश

आमचे काका पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि अक्षरात ब्रशचा माग दिसला की पाटी खरवडून पुन्हा रंगवली. असला माणूस म्हातारपणी समुद्र रंगवायला बसला.

कारण बंदराच्या भिंतीसाठी किनाऱ्यावरचा मोठा काळा खडक सोमवारी फोडणार, अशी नोटीस लागली होती. याच खडकावर काकांनी काकूला लग्नाचं विचारलं होतं. नोटीस वाचल्यापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

सकाळी खडकाच्या फटीत उन्हाची तिरीप शिरते, ती जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यात ते झपाझप रंग लावायचे. मी सुट्टीला आले होते, शेजारी बसून पाहायचे. कॅनव्हासवर पाणी खरंच उसळत असायचं. मग घरी येऊन, रंग ओला आहे तोवर, काका रुंद मऊ ब्रश फिरवून सगळं गुळगुळीत करायचे. जेवणाच्या वेळेपर्यंत समुद्राची फरशी झालेली असायची. मग स्वतःवरच चिडायचे, ताटावरून उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. असे चार कॅनव्हास वाया गेले.

"काका, राहू द्या ना तसंच," मी म्हटलं.

"कच्चं काम घराबाहेर काढू?" ते खेकसले. मलाही राग आला. हट्टी तर हट्टी, मरू दे, म्हणून मी गप्प बसले.

रविवारी, शेवटच्या दिवशी, घरी आल्यावर रुंद ब्रश सापडेना. काकांनी घर डोक्यावर घेतलं. पलंगाखाली पाहिलं, माझी बॅगसुद्धा उचकली. स्वयंपाकघरात मात्र ते जन्मात काही शोधत नाहीत. काकू तिथे शांतपणे भाजी निवडत होती. काका चित्रालाही पाट्यांचाच लवकर वाळणारा रंग वापरायचे; दुपारपर्यंत तो वाळून गेला.

सोमवारी सुरुंगाचा आवाज आला, तेव्हा काका चित्रासमोर उभे होते. काकूने फटीतल्या उन्हावर बोट ठेवलं.

"इथे हात थरथरला तुमचा."

"वर्षभर थरथरतोय. तेच तर झाकत होतो."

"ठाऊक आहे मला."

इतके दिवस मी त्याला हट्ट समजत होते.

काकूने पिठाच्या डब्यातून ब्रश काढून त्यांच्यापुढे धरला. "गावभर तुमच्या पाट्या आहेत. एकीत तरी तुम्ही दिसता का?"

काकांनी ब्रश हातात घेऊन त्यावरचं पीठ झटकलं. मग ब्रश तिच्याकडेच सरकवत म्हणाले, "खिडक्यांची धूळ झाडायला ठेव."