गाण्यातून कापलेलं ‘दादा’

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात ज्या गाण्यावर नवरदेवाचे मित्र नाचतात, मामा नाचतात आणि गुडघे धरून बसणारे काकासुद्धा उठतात, त्या गाण्यातली सगळ्यांना पाठ असलेली ओळ मुळात गाण्याची ओळच नाही. ती कुणी लिहिली नाही आणि तिला कुणी चाल लावली नाही. खामगावच्या एका बंद खोलीत जीव घाबरा झाला म्हणून ती मी नुसती बोलले होते. हे मी बरेच महिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर आधी गाणं माझं आहे हे कबूल करावं लागलं असतं.

आमचं घर जानेफळला. बाबा शेती करून गायन पार्टीत पेटी वाजवायचे. बुद्धविहारात कार्यक्रम असला की मधोमध बाबांची पेटी आणि पेटीच्या उजव्या अंगाला माईक. त्या माईकवर मी नववीत असल्यापासून गात आले. नोकरी मेहकरच्या शाळेत, पण गावात मला मास्तरीण म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ‘पेटीवाल्याची पोरगी, ते गाते ते’ अशी माझी ओळख होती आणि मला ती फार प्रिय होती. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी फिसकटली तेव्हा मी रडले नाही, पण एका जयंतीला घसा बसला आणि माझ्या जागी दुसऱ्या मुलीला उभं केलं तेव्हा दोन दिवस जेवले नाही. एवढं सांगितलं की माझं काय पणाला लागलं होतं ते कळेल.

बाबांनी मला सूर कमी आणि श्वास जास्त शिकवला. ओळ संपता संपता तोंड माईकपासून जरा वळवायचं, नाकानं हळूच हवा घ्यायची आणि परत यायचं. लोकांना ती ऐकू आली तर बाबा भर तालमीत भाता थांबवायचे. “ऐकू आला,” एवढंच म्हणायचे. मग पहिल्यापासून. इतक्या वर्षांत मला श्वास घेणं हीच एक बेअदबी वाटायला लागली होती.

एका जयंतीच्या कार्यक्रमात मला खामगावच्या एका स्टुडिओवाल्यानं ऐकलं. लग्नाची, मिरवणुकीची गाणी तो तयार करायचा. मला ताई म्हणायचा, मी त्याला दादा म्हणायचे. त्यानं फोनवर गाण्याचा मुखडा ऐकवला: ‘बोंड फुटलं अंगणी, राजा वेचाले ये ना.’ ज्यानं हे लिहिलं त्यानं आयुष्यात पाटीभर कापूस वेचला नसेल. वेचणीला बोंडाची टोकं बोटांत घुसतात, तिथं राजा कशाला येतोय? पण चाल छान होती. आणि खरं सांगायचं तर मला काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. मी तिशीला आलेली बाई होते. उपदेशाची, आदर्शांची, आईच्या कष्टांची गाणी गाऊन झाली होती. अंगाचं गाणं कधी गायले नव्हते आणि मला ते गायचं होतं.

घरी सांगितलं, जयंतीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग आहे. बाबांनी एसटीत खिडकीजवळची जागा बघून मला बसवलं. “पाणी पेत राह्य,” म्हणाले.

स्टुडिओ एका जुन्या गोदामाच्या माडीवर होता. गायची खोली म्हणजे न्हाणीएवढी कोंदट पेटी. चारी भिंतींना गाद्या ठोकलेल्या, कापूस गच्च भरलेल्या, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येत नाही. पंखा होता, पण त्याची घरघर रेकॉर्ड होते म्हणून बंद. दार नीट लागायचं नाही, हळूहळू आपोआप उघडायचं, म्हणून कडी बाहेरून घालायची. मे महिना, भर दुपार. दादानं मला कानाला लावायला हेडफोन दिला, कडी घातली आणि पलीकडे संगणकापुढे जाऊन बसला.

मी चांगलं गायले. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. पहिल्या अंतऱ्याला लाजत होते, दुसऱ्याला नाही. ‘वेचाले ये ना’मधला ‘ये’ मी असा सोडला की माझे मलाच कान गरम झाल्यासारखे वाटले. पहिल्यांदा वाटलं की आपल्या आवाजाला अंग आहे. तिसरा अंतरा संपला आणि डोळ्यांपुढे पिवळं झालं. कानात ताल वाजतच होता. मी माईकमध्ये म्हटलं, “दादा, दार उघडा ना. मले कसंतरी होऊन राह्यलं.” कोणी आलं नाही. परत म्हटलं, धापा टाकत. तो फोन आला म्हणून जिना उतरून खाली गेला होता. मी दारावर थापा मारल्या, पण दारालाही गादी होती. शेवटी खाली बसले आणि फरशीला गाल लावला.

तो आला तेव्हा पांढरा पडला होता. लिंबू सरबत आणून दिलं, दहादा माफी मागितली. माणूस वाईट नव्हता. मी त्याला एकच अट घातली, गाण्यावर माझं नाव नको. त्यानं ती पाळली.

गाणं दिवाळीनंतर, लग्नसराईच्या तोंडावर आलं. शाळेत शिपाई मोबाईलवर ऐकत होता. सुरुवातीला ढोल, मग ढोल एकदम बंद आणि एका बाईचा धापा टाकणारा आवाज: ‘दार उघडा ना... मले कसंतरी होऊन राह्यलं...’ मग दुप्पट जोरानं ढोल. व्हिडिओत पिवळ्या साडीतली एक परगावची मुलगी दाराला पाठ लावून ओठ चावत होती. मी हातातले खडू टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसले.

मी दादाला फोन लावला. हे काय करून ठेवलं म्हणून विचारलं.

“ताई, अंतरे कोन ऐकते?” तो म्हणाला. “तेवढ्यावरच तं गानं चाललं. असं कोनाले करून दाखवता नाही येत.”

“ते मी गायले नव्हते. मले चक्कर येऊन राह्यली होती. आन् मी दादा म्हटलं होतं, ते काऊन काढलं?”

“दादा ठेवलं असतं तं राखीचं गानं झालं असतं ना, ताई.”

त्याचं म्हणणं बरोबरच होतं. एक शब्द काढला आणि कोंडलेली बाई बाहेर कोणाची तरी वाट पाहणारी बाई झाली.

त्या वर्षी चुलतभावाचं लग्न हिवरा आश्रमकडे होतं. वरातीत ते गाणं लागलंच. बाबा कधी नाचत नाहीत, पण पुतण्याचं लग्न, पोरांनी हात धरून ओढलं. बाबा दोन्ही हात वर करून चार पावलं नाचले. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. पुढे रस्ता अडलेला, मागे बायका, आणि स्पीकरमधून मी दार उघडा म्हणून विनवतेय. निघून जाता येत नव्हतं आणि हसता येत नव्हतं. मी हातातली उधळायच्या फुलांची पाकिटं मोजत राहिले.

मग त्या वाक्याचंच भलतं झालं. आमच्याकडे बायांना तब्येतीचं सांगायला तेवढंच एक वाक्य आहे. ऊन लागलं, पित्त झालं, दिवस गेले, कशालाही ‘मले कसंतरी होऊन राह्यलं’. आता कोणी ते म्हटलं की जवळपासचे पुरुष गालात हसायचे. एसटीत एका पोटुश्या बाईनं ते म्हटलं तर मागच्या बाकावरून कोणीतरी तोंडानं ढोल वाजवला. तिनं मान खाली घातली. मी तिला खिडकीजवळची जागा दिली, पण बोलले नाही. बोलायची भीती वाटायची, कोणी आवाज ओळखला तर? शाळेत मी आवाज जाड करून शिकवायला लागले. विहारात गाताना श्वास इतका दाबायचे की ओळीच्या शेवटी सूर उतरायचा. पंचशील म्हणताना व्यभिचार न करण्याच्या तिसऱ्या शीलाला माझा आवाज आपोआप खाली जायचा. बाबा पेटीवरून नजर वर करायचे.

एकदा आम्ही ओसरीवर तुरीतले खडे निवडत होतो. समोरून वरात चालली होती, तेच गाणं. बाबांनी सवयीनं मांडीवर बोटांनी ताल धरला आणि मध्येच थांबवला.

“अठी कापलं हाये,” म्हणाले.

“काय?”

“दारच्या आंधी एक शब्द होता. श्वास पाह्य, अर्धाच हाये. आंधीचा अर्धा नेला कोनं तरी.”

आणि परत खडे निवडायला लागले. मी सूप घेऊन आत गेले आणि चुलीजवळ नुसती बसून राहिले. ज्या माणसानं पंधरा-सोळा वर्षं माझा श्वास मोजला, त्याला तो ओळखू येणार नाही? नंतर कित्येक दिवस मी जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघायचे. तिथं काही दिसायचं नाही. विचारावं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर ते मला त्या माईकवर उभं करतील का?

वैशाख पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. त्या दिवशी गावात लग्नही होतं आणि वरात विहारावरून जाणार होती. वंदनेत डीजेचा आवाज नको म्हणून पोरांनी लोखंडी दार लोटून आतून कडी घातली. थोड्याच वेळात लाईट गेली आणि पंखे बंद पडले. माईक बॅटरीवर होता, तो चालू राहिला. बाबांनी पेटी धरली, मी गायला लागले. मागच्या भिंतीजवळ बायकांत आई बसली होती. तिला साखरेचा त्रास आहे, मध्येच साखर एकदम उतरते.

दुसऱ्या कडव्यात आईचा आवाज आला. “दार उघडा ना. मले कसंतरी होऊन राह्यलं.”

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग दाराजवळची पोरं. त्यातल्या एकानं कडीवर बोटांनी ठेका धरला, तीच कडी जी काढायची होती. पुढे बसलेले दोन म्हातारेसुद्धा हसले. आणि आईनं काय केलं, तर तिला गाणं आठवलं. ती लाजली. पदर तोंडाला लावून तशीच गप्प बसली, घामानं डबडबलेली. माझ्या आईला चक्कर यायची लाज वाटली.

मी गाणं सोडलं आणि माईकमध्ये म्हणाले, “दादा, दार उघडा ना. तिले कसंतरी होऊन राह्यलं.”

तोंड वळवायचं राहून गेलं. श्वास सगळ्यांना ऐकू आला, पुराच्या पुरा, आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. ठेका धरणाऱ्या पोराचं बोट कडीवर तसंच राहिलं. विहार इतका चिडीचूप झाला की लांबची वरात ऐकू यायला लागली. मग त्या पोरानं कडी काढली आणि गरम का होईना, हवा आत आली. बायकांनी आईला पायरीवर नेलं, तोंडात साखर घातली. पाच-दहा मिनिटांत ती बोलायला लागली. तोवर सगळे माझ्याकडे बघत होते. बायकांनी डोळे वळवले, पुरुषांनी वळवले नाहीत.

कार्यक्रम उरकला. समितीचे सचिव पायरीवर आले आणि बाबांकडे न बघता मला म्हणाले, “ताई, पुढच्या बारीले गळ्याले जरा आराम द्या.” मी हो म्हटलं. त्यानंतर त्या माईकवर मी गायलेली नाही. आजही तिथं शेजारच्या गावची एक मुलगी येते. बरी गाते, श्वास मात्र ऐकू येतो.

आई बायकांबरोबर पुढे गेली. बाबा खांद्यावर पेटी घेऊन चालले होते, मी मागून. मला वाटत होतं, आता विचारतील. केव्हा गेली होतीस, खोटं काऊन बोललीस, असलं गाणं कशाला गायलीस. सगळ्याची उत्तरं मी कैक महिन्यांपासून तयार ठेवली होती. आटाचक्कीपाशी ते थांबले.

“तो कापलेला शब्द दादा होता?”

“हाव.”

“मंग त्यानं उघडलं काय दार?”

एवढ्या लोकांनी ती ओळ ऐकली, म्हटली, तिच्यावर नाचले, पण दाराचं पुढे काय झालं हे कोणी विचारलं नव्हतं.

“उघडलं,” मी म्हटलं. “लय उशिरानं.”

बाबांनी पेटी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. घराचं फाटक आलं तेव्हा माझ्याकडे न वळताच म्हणाले, “मी नाचलो वं त्याच्यावर.”