शेंदराखालची काच

माझी सारी नोकरी कालव्यांच्या कामावर गेली. त्यामुळे कितीही सुंदर बांधकाम समोर असलं तरी माझी नजर आधी तड्यांकडे जाते. बायको म्हणते, तुम्ही ताजमहालातही भेगाच शोधाल. खोटं नाही.

मुलगा इंग्लंडात असतो. गेल्या वर्षी दोन महिने त्याच्याकडे राहिलो, तेव्हा दर रविवारी तो आम्हाला गाडीत घालून खेड्यापाड्यांतली जुनी चर्चं दाखवायचा. सात-आठशे वर्षांची. दार उघडं आणि आत चिटपाखरू नाही. भर दुपारीही हाडं गारठायची. फरशांखाली माणसं पुरलेली, त्यांची नावं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी झिजून गेलेली. मेलेल्याच्या छातीवर पाय कसा द्यायचा, म्हणून बायको भिंतीच्या कडेकडेने चालायची. मी तिला हसायचो, पण फरशा मीही चुकवत होतो.

एका चर्चमध्ये कमानीच्या तड्यावर काचेची बोटभर पट्टी आडवी बसवलेली दिसली. दोन्ही टोकं चुन्यात रोवलेली. हा उद्योग मी जन्मभर केलेला. तडा जराही वाढला की काच फुटते आणि माणूस वेळेवर सावध होतो. तिथली काच शाबूत होती. मला मात्र आमच्या तापीकाठच्या गावातलं महादेवाचं देऊळ आठवलं. गावाने हौसेने त्या जुन्या दगडी देवळावर सिमेंटचं उंच शिखर चढवलं, आणि तेव्हापासून आतल्या तुळईला केसाएवढी चीर पडली होती. माझी थोरली बहीण, अक्का, रोज सकाळी त्याच देवळात असते. झाडलोट, पिंडीला पाणी, मग जप. नवरा गेला, मूलबाळ नाही, देवळावाचून तिला दुसरा विरंगुळा नाही. त्या थंडगार चर्चमध्ये उभ्याउभ्या ठरवलं, परतलो की आधी त्या चिरेवर अशीच काच बसवायची.

परत आलो तेव्हा नंदुरबारला मोकळ्या मैदानांतल्या पथारींवर मिरची वाळत होती. दुसऱ्याच दिवशी गाव गाठलं. देऊळ बुटकं, हात वर केला की तुळई लागते. चिरेवर काच बसवली आणि अक्काला बजावलं, हिच्यावर लक्ष ठेव, फुटली तर ताबडतोब फोन कर. तिने मान डोलावली. फोन आला नाही. मी निर्धास्त राहिलो, आणि चुकलो ते इथेच.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. बाहेर मांडववाले भोंगे बांधत होते. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. कोपऱ्यातली नेहमीची वटवाघळं गेली होती, आणि ती कुणी हाकलली नव्हती. समईच्या तेलाच्या तळाशी वरून झरलेली बारीक रेती बसली होती. काचेवर शेंदराचा जाड थर होता, वर बेलाचं पान चिकटवलेलं. दर्शनाला आलेल्या दोन बायका त्या शेंदरालाही हात जोडून गेल्या. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. बरोबर त्याच्या खाली अक्का सतरंजी टाकून बसली होती.

मी नखाने शेंदूर खरवडला. काचेचे दोन तुकडे झाले होते, आणि मधल्या फटीत माझं नख शिरलं.

"काच ते संक्रांतलेच फुटनी," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "तुले सांगं ते तू मंदिरले कुलूप लावशी. मंग महादेवले पानी कोन घाली?"

"आनि तू तरीबी आठेच बसस?"

"मी बसस म्हनीसन आठे दुसरं कोनी बसत नई."

तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा. फुटकी काच बघून मी पळालो असतो. ती मात्र काच शेंदराने झाकून, सतरंजी उचलून तिच्याखाली येऊन बसली होती. सत्तरीच्या त्या बाईला मी दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. लहानपणी तिनेही मला असं कधी ओढलं नव्हतं. सरपंचाला बोलावून चीर दाखवली, दाराला कुलूप ठोकलं. मांडववाले अर्धे भोंगे तसेच सोडून निघून गेले.

त्या शिवरात्रीला पिंडीवर पाण्याचा थेंब पडला नाही. गावात माझ्याविषयी जे बोलतात ते लिहिण्याजोगं नाही. आणि एवढा खर्च करून चढवलेलं शिखर उतरवायला कुणी तयार नाही.

अक्का माझ्याशी बोलत नाही. ती आता समोरच्या अंगणात नंदीशेजारी बसते, तांब्याभर पाणी जवळ ठेवून. दर रविवारी मी जातो, दाराच्या फटीतून बघतो. तुळई जागच्या जागी असते. मग तिच्या नजरेला नजर न देता परत फिरतो. खोटं कशाला बोलू, अलीकडे घरून निघताना तुळई एकदाची पडलेली असावी, असंच माझ्या मनात असतं.