सात नंबरचा चीक

सावद्याकडच्या आमच्या गावात कुणाची म्हैस अडली, की मालक आधी लताकाकूंना हाक मारतो आणि मग देवाला. चाळीस वर्षं हेच चाललंय. "माह्या हातचं जनावर आजवर मेलं नाही," हे काकू इतक्यांदा सांगतात, की ते त्यांच्या आधारकार्डावर छापायला हरकत नाही.

अशा बाईच्या पोरानं, ललितनं, दोन वर्षांपूर्वी केळीच्या बागेच्या टोकाला पांढरी डुकरं पाळली. काकूंनी तेव्हाच कायदा केला: डुकरांकडून आलेल्यानं विहिरीच्या मोटारीवर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. ललित पौषातही कुडकुडत न्हायचा. काकूंनी मात्र शेडकडे कधी मानसुद्धा वळवली नव्हती.

यंदा पौषात सात नंबरची डुकरीण सकाळी सकाळी व्याली. सड बारा, पिल्लं तेरा. तेरावं घुशीएवढं. भावंडं त्याला सडाला टिकू देईनात. ललितनं ते टोपलीत घालून ओट्यावर आणलं. "आई, हे काही वाचत नाही."

"काहून नाही वाचत? माह्या ओट्यावर आणलं ना? आता मेलं तर नाव माहं जाईन."

आदल्या दिवशीच घरची म्हैस व्याली होती. काकू चिकाची वाटी घेऊन बसल्या. तेवढ्यात ललितनं बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टर प्राची मॅडम आल्या.

"काकू, म्हशीचा चीक अंगाला ऊब देईल. पण ह्याला आईचाच हवा. त्यात जिवंत पांढऱ्या पेशी असतात, रोगाशी लढणाऱ्या. त्या पिल्लाच्या आतड्यातून थेट रक्तात जातात. दुसऱ्या डुकरिणीच्या पेशींनासुद्धा आतडं आत घेत नाही, मग म्हशीच्या कुठून घेणार? आणि उद्यापर्यंत तो दरवाजा बंद होतो."

काकूंनी विचार केला. "म्हंजे माहेरची मानसं तेवढी घरात. बाकीच्याईनं ओट्यावरूनच चहा पिऊन जायाचं."

"अगदी तसंच."

"मंग काढ की रे चीक!" काकू ललितवर ओरडल्या.

"मला कुठं धार काढता येते?"

हे खरं होतं. काढलीच नव्हती कधी. काकूंनी एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा शेडकडे, आणि पदर खोचून निघाल्या. हातात बारा लिटरची बादली आणि पाटीभर सरकीची ढेप.

ढेपेचा वास येताच सात नंबर उठली, पाटी फस्त केली आणि बादली लाथाडून परत आडवी झाली.

"अवो, उभी तर राह्य!" काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांत कुणी झोपून धार दिली नव्हती.

"काकू, झोपूनच देते ती," प्राची मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "पोट चोळा. आणि बादली नको, खोकल्याच्या बाटलीचं झाकण आणा."

झाकण! आठ लिटरच्या म्हशी पिळलेल्या काकू थेंबा-थेंबासाठी तासभर मातीत बसल्या. सूनबाई डिंपल मोबाइल घेऊन आली, तेव्हा "फोटू काढशीन तर याद राख" एवढंच ऐकू आलं. चार झाकणं भरली. एकेक थेंब पिल्लाच्या जिभेवर गेला. दुपारपर्यंत दर तासाला काकू शेडमध्ये. तीन वाजता त्या घुशीनं काकूंचं बोट सड समजून असं ओढलं, की काकू ओरडल्या, "जगलं रे! चावलं मले!"

मग ताठ मानेनं घरी आल्या. उंबऱ्यावर त्यांचे यजमान पितांबरकाका पाय पसरून बसलेले. दोन वर्षं ते याच घडीची वाट पाहत असावेत.

"आंघोय?"

काकू तशाच वळल्या. मोटारीकडे गेल्या आणि पौषातलं गार पाणी डोक्यावर घेताना त्यांनी जी बोंब मारली, ती ऐकून ललित टॉवेल घेऊन धावला.

दुसऱ्या दिवशी कायदा बदलला. आता पाय धुतले तरी भागतं. कारण विचारलं तर काकू म्हणतात, "दिवसातून चारदा जावं लागते मले. कितीदा न्हाऊ?"