उजव्या पायाची किक

समई अर्धीच घासून झाली होती. वरची तबकडी लखलखत होती आणि खालची बैठक तशीच काळपट. चिंचेचा कोळ हातावर असतानाच गॅलरीतून नवऱ्याची हाक आली, "सरोज, हळदीकुंकू आण. झाली गाडी!"

सरोजिनीबाईंनी हात धुतले, ताम्हनात हळदीकुंकू, अक्षता आणि एक लिंबू घेतलं आणि गॅलरीत गेल्या.

गाडी म्हणजे लाकडाची स्कूटर. हातभर लांब. दिगंबरराव चौतीस वर्षं स्कूटरच्या कारखान्यात होते. निवृत्तीनंतर महिनाभर पेपर वाचून झाला, मग एक दिवस गल्लीतल्या फर्निचरवाल्याकडचे सागवानाचे तुकडे पिशवीत भरून आणले. तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या त्या लहानशा फ्लॅटची गॅलरी म्हणजे त्यांचा कारखाना झाली. कपडे वाळत घालायला सरोजिनीबाईंना गच्चीवर जावं लागे. नियम दोनच. खिळा नाही आणि रंग नाही. अंग सागवानाचं, चाकं काळ्या शिसवीची, दिव्याची काच पिवळ्या हळदू लाकडाची. चाकं फिरत, हँडल वळे, स्टँड खालीवर होई. जुने सोबती आपापल्या पहिल्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती करून घ्यायला येत. कुणाची स्कूटर, कुणाची मोटारसायकल. आलेल्याला दिगंबररावांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पोचा कुठे पडला होता? नव्हता म्हणू नका, पुण्यात गाडी चालवलीत ना?" तो पोचाही लाकडात उतरे.

किक सगळ्यात शेवटी बसवायची. त्याला कारण होतं. कारखान्यात गाडी तयार झाली की तिला पहिली किक मारायचं काम दिगंबररावांचं. दिवसाला किती गाड्या, त्याला गणतीच नाही. उजवा गुडघा त्यातच गेला. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की सरोजिनीबाई त्या गुडघ्याला तेल चोळत आणि तोंडाने रामरक्षा चाले. लाकडी गाडीचीही तीच रीत होती. नव्या गाडीसारखी पूजा, चाकाखाली लिंबू आणि मग मालकानं बोटानं पहिली किक दाबायची.

आजचे मालक उत्तरेश्वर, कारखान्यातले जुने सोबती, स्टुलावर चहा पीत बसले होते. सरोजिनीबाईंनी कुंकवाचं बोट गाडीकडे नेलं आणि ते तसंच थांबलं.

किक डाव्या अंगाला होती.

त्यांना स्कूटरमधलं काही कळत नव्हतं. पण अर्धं आयुष्य त्या फुटपाथच्या बाजूला, पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या होत्या आणि किकचा आवाज नेहमी पलीकडून आला होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "किक या बाजूला?"

"मग कुठे? डिकीत?"

"पलीकडे असते ना. मी इकडे उभी राहायचे आणि तुम्ही..."

"तू कधी चालवलीस स्कूटर?"

"नाही."

"मग."

सरोजिनीबाईंनी बोट मागे घेतलं. उत्तरेश्वर मात्र पुढे वाकले आणि मोठ्यांदा हसले. "वहिनी बरोबर हायेत की! दिगंबरराव, डावखुऱ्यासाठी काढली व्हय ही? का म्हाताऱ्या माणसाची मस्करी?"

यावर आता तिरकस काहीतरी येणार, म्हणून दोघंही थांबले. सरोजिनीबाईंनी तर मनात रामनाम धरलं. येऊ दे रे, काहीतरी लागट येऊ दे.

दिगंबरराव उठले. गॅलरीच्या मधोमध उभं राहून त्यांनी हवेतलं हँडल दोन्ही हातांनी धरलं, गाडी जरा तिरकी केली आणि उजवा पाय उचलला. खाली आणला. मग डावा उचलला. तो अधांतरी राहिला. पुन्हा उजवा. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

असंच त्यांनी गेल्या महिन्यात मंडईत बायकोकडे पाहिलं होतं. सरोजिनीबाई मेथी निवडून घेत होत्या तेव्हा ते लावलेल्या गाड्यांच्या रांगेतून पुढेमागे फिरत होते. काय शोधताय म्हटल्यावर म्हणाले, "आपली स्कूटर." ती विकून आठ वर्षं झाली होती. त्या खूप हसल्या. घरी येऊन खराडीला ऑफिसात असलेल्या मुलाला, आमोदला, फोनवर सांगितलं, तोही हसला. "आई, बाबा आहेत ते. सरळ बोलले तर काळजी कर." या घरात इतकी वर्षं सगळं वाकडंच बोललं गेलं होतं. त्यातली थट्टा कधी संपली ते कुणालाच कळलं नाही. सरोजिनीबाईंनाही नाही, आणि त्या तर दिवसभर घरातच असत.

दिगंबररावांनी पटाशी उचलली. "काढतो ही."

"राहू द्या." उत्तरेश्वरांनी त्यांचं मनगट धरलं. "खुंटी आत चिकटलीय. सगळी बाजू फुटंल."

"चुकलेली गाडी मी कधी बाहेर सोडलेली नाही."

"मालक मी का तुम्ही? मला अशीच पायजे. कुणाकडं हाय अशी?" ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "वहिनी, लावा कुंकू."

सरोजिनीबाईंनी कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. रोज देवापुढे किती मागणी असायची, आज एकही सुचेना. चाकाखाली लिंबू ठेवलं, ते घरंगळलं, पुन्हा ठेवलं. उत्तरेश्वरांनी डाव्या हाताच्या बोटानं किक दाबली आणि गाडी पंच्यात गुंडाळली. दारात चपला घालताना त्यांनी सरोजिनीबाईंकडे पाहून नुसती मान हलवली.

गॅलरीत दिगंबरराव पटाशीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत बसले होते.

"तू सांगितलंस तेव्हा मी काय म्हणालो गं?"

"काही नाही."

"मग सांगत जा. मी काही म्हटलं तरी सांगत जा."

"बरं," त्या म्हणाल्या. काय काय सांगायचं आणि कुठवर, हे मात्र त्यांना उमगेना.

आत येऊन त्यांनी आमोदला फोन लावला. सगळं ऐकून तो या वेळी हसला नाही. "आई, शनिवारी येतो, तेव्हा बघू या?"

"नको. एवढं नको थांबायला."

मोरीत समईच्या बैठकीवर चिंच वाळून गेली होती. त्यांनी ती तशीच बाजूला सरकवली. सकाळी पूजा आटोपली की टिळक रस्त्यावरच्या दवाखान्यात जाऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे दिगंबररावांचा नंबर लावायचा होता.