खालून हाक

एकाच गल्लीत चार तास उभं राहून अख्खं शहर पाहून आलेला माणूस जगात एकच, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बर्मिंगहॅमच्या मोटारीच्या कारखान्यातून मामा रिटायर झाले आणि मुलांनी त्यांना साउथहॅम्प्टनहून निघणाऱ्या क्रूझचं तिकीट काढून दिलं. मामी नुकत्याच गेल्या होत्या. माणूस घरात बसून खंगेल ही मुलांना धास्ती. बोट हवानाला थांबली. बाकीची मंडळी किल्ला, चर्च, सिगारचा कारखाना असं सगळं बघून आली. मामा पहिल्याच गल्लीत एका बाल्कनीखाली उभे राहिले, ते थेट बोटीवर परतायची वेळ होईपर्यंत.

परत आल्यावर मात्र त्यांनी हवानाशिवाय दुसरा विषय काढला असेल तर शपथ! आपण त्यांच्या गुडघ्याची चौकशी करावी, तर गुडघ्यावरून ते जिन्यावर, जिन्यावरून बाल्कनीवर आणि बाल्कनीवरून हवानाला पोचायचे. पोपडे उडालेल्या निळ्या-पिवळ्या भिंती, कठड्यांवर वाळत घातलेल्या चादरी, भर रस्त्यात टेबल टाकून डोमिनोच्या सोंगट्या आपटणारे म्हातारे, केळीवाल्याची आरोळी. "आणि बेल नाही रे कुठे! फोन करून अपॉइंटमेंट घेणं नाही. खालून नाव घेऊन ओरडायचं, की वरून डोकं बाहेर! मग दोरीनं टोपली खाली, पाव वर. मी पण ओरडलो, 'आहात का घरात?' आपलं मराठीतच. तर त्या बाईनं टोपलीतून मला कॉफी सोडली. आता बोल!"

नुसतं सांगून थांबतील तर ते मामा कसले! पहिल्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटच्या खिडकीतून त्यांनी नायलॉनच्या दोरीनं वेताची टोपली खाली सोडली. दूधवाल्यानं हाक मारावी, आपण टोपली ओढावी, असा बेत. दूधवाला पडला सभ्य इंग्रज. तो कसला ओरडतोय! गुपचूप बाटली ठेवून पसार झाला. पुढे टोपलीत पिझ्झाच्या जाहिराती, क्रिस्प्सची रिकामी पाकिटं आणि एकदा कुणाचा तरी हरवलेला हातमोजा, एवढंच जमा होत राहिलं. हाक काही आली नाही.

मग त्यांनी माझा पिच्छा पुरवला. "अरे, तू तरी मार की एकदा. तुझी मामी बसमधून उतरली की खालूनच ओरडायची, 'अहो, खाली या, पिशव्या जड आहेत!' मी वैतागायचो. म्हणायचो, लाज आणतेस चारचौघांत." हे सांगताना ते खिडकीकडे बघायचे. "ती गेल्यापासून या रस्त्यावर मला कुणी हाक मारत नाही रे." मला गलबलून यायचं. पण मी मुलखाचा भिडस्त. गोऱ्यांच्या त्या शांत गल्लीत, तेही रविवारी दुपारी, बोंब ठोकायची म्हणजे! "पुढच्या वेळी नक्की, मामा," असं म्हणायचो आणि पुढच्या वेळी निमूटपणे जिना चढून बेल दाबायचो. अशी सहा-सात वर्षं गेली.

मग एका रविवारी काय अंगात आलं कुणास ठाऊक. खिडकीखाली उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "मामाऽऽ! आहात का घरात?" समोरच्या बाईनं पडदा सारला. कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. मी तीनदा ओरडलो. अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या, मामांची तेवढी उघडली नाही. धावत वर गेलो आणि बेल दाबली. त्यांचे कान अलीकडे पार गेले होते. बेल दाबली की आत दिवा लुकलुकावा अशी सोय मुलानं करून दिली होती. दार उघडलं. मामा चांगले ठणठणीत होते.

"आलास बेल दाबून?" त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. "अरे, मी जायच्या आत एकदा तरी खालून हाक मार रे."

"मारीन, मामा," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "पुढच्या वेळी नक्की."